इन्व्हर्टर आहे म्हणून टीव्ही सेफ? तसं नसतंय

वळीव सुरू झाला की कोल्हापुरात ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: घरात इन्व्हर्टर असला की टीव्ही, होम थिएटरला आणखी काही घेऊ नका, दुकानदार लुबाडतात, नवीन टीव्हीला 100 ते 240 व्होल्ट सगळं चालतं, वीज कडाडली तरी इन्व्हर्टर सांभाळतो. लोक वाचून निवांत बसतात, म्हणून लिहितोय.

इन्व्हर्टर सांभाळतो म्हणजे काय करतो ते आधी बघा. लाईट असते तेव्हा घरातला नेहमीचा इन्व्हर्टर स्वतः काही बनवत नसतो, आत रिले (आपोआप चालणारा स्विच) असतो आणि त्यातनं महावितरणची लाईट जशी येईल तशीच टीव्हीला जाते, बॅटरी तेवढी चार्ज होत राहते. व्होल्टेज फारच वरखाली झालं तरच तो बॅटरीवर जातो. आता फारच म्हणजे किती, तर बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतंय, यूपीएसवर ठेवलं तर साधारण 180 ते 260 च्या बाहेर गेलं की तोडतो, नॉर्मलवर 290 च्या आसपासपर्यंत तसंच पुढं सोडतो. फॅन-ट्यूबसाठी बसवताना ते नॉर्मलवर ठेवलेलं असलं तर वर्षानुवर्षं तिथंच राहतं, आजच बघून घ्या. यूपीएसवर केलं की लाईट गेल्यावर सेट-टॉप बॉक्सपण शक्यतो बंद न पडता चालूच राहतो.

100-240 चं म्हणाल तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर ते असतंय, खरं आहे, आणि म्हणूनच कमी व्होल्टेजला टीव्हीसाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नसते. पण धोका वरच्या बाजूला आहे ना! आपली लाईट मुळातच 230 ची, त्यात वाऱ्यानं फांदी पडून न्यूट्रल (परतीची वायर) तुटला की सिंगल फेजच्या घरात 350 च्या वर, अगदी 400 पर्यंत जाऊ शकतं, आणि रिलेनं तोडेपर्यंत टीव्हीचा सप्लाय बोर्ड गेलेला असू शकतो. यावर उपाय मेन बोर्डातच, ओव्हर व्होल्टेजला लाईन तोडणारं कटऑफ बसवून घ्या.

विजेचं तर साफ चुकीचं. जवळ वीज पडली तर इन्व्हर्टर नाही, वेगळा यूपीएस (लाईट गेली की लगेच बॅटरीवर चालवणारा छोटा डबा) नाही, काहीच खात्री देत नाही, प्लग काढायचा, आणि डिशची वायर, लॅन केबलपण काढायची, तिकडनंही झटका येतो.

असा वेगळा यूपीएस मग कुणी घ्यावा? लॅम्पवाला प्रोजेक्टर असेल त्यानं नक्की घ्यावा, कारण लाईट गेली की आतला फॅन थांबतो आणि तापलेला लॅम्प तसाच राहतो, लॅम्पचं आयुष्य कमी होतं. पण 600 व्हीए वाल्यात बहुतेक 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते, तेवढ्यावर सगळी मॅच बघायची आशा धरू नका, नीट बंद करण्यापुरताच तो.

आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारा) घेणार असाल तर आधी वायरमनकडनं अर्थिंग तपासून घ्या. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तर नक्कीच, कारण तिसऱ्या पिनला वायरच नसली तर त्यातला बराचसा उपयोग गेला.