२७ की ३८? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कमी पैशांत जुनं ग्लायडर (इंजिन नसलेलं विमान) कसं निवडावं या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बरंच रागावून लिहिलंत. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, ३८ ग्लाइड रेशोचं (म्हणजे एक मीटर खाली येताना ३८ मीटर पुढे जाणारं) फायबरग्लासचं ग्लायडर थोड्याशा जास्त पैशांत मिळत असताना मी नवख्यांना २७ चं लाकडी पंखांचं ‘का ८’ सुचवलं, हे त्यांना मागे ओढणं आहे. दोन, लाकडाचे धोके मी सांगितलेच नाहीत. तीन, ट्रेलर (पंख सोडून ग्लायडर ठेवायची, ओढून न्यायची गाडी), लॉगबुक (उड्डाणांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही), वजनाचे कागद अशा ‘कारकुनी’ गोष्टींवर अर्धा लेख खर्च केला.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लाकडी ग्लायडरमध्ये लाकडाइतकाच महत्त्वाचा असतो तो सांधे धरून ठेवणारा ग्लू. जुन्या काळी दुधापासून केलेला केसीन ग्लू वापरत. त्याला सतत ओल लागली की बुरशी धरते आणि सांधा आतल्या आत सुटतो. नंतरचे कृत्रिम ग्लूही अमर नाहीत, काही जुने प्रकार वयाबरोबर ठिसूळ होतात. बाहेरून कापड ताणलेलं, रंग छान, आणि आत फासळी स्पारपासून, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईपासून, सुटलेली, असं होऊ शकतं. म्हणून तपासणीची झाकणं उघडायला लावायची, टॉर्च घेऊन आत बघायचं आणि आधी नाक आत घालायचं. कुबट वास आला तर तिथेच थांबायचं. पाणी निचरा होण्याची भोकं बुजलेली आहेत का, प्लायवूडवर काळे डाग आहेत का, हेही पाहायचं. मूळ लेखात हे यायला हवं होतं. आज त्यात भर घातली आहे.

आता ग्लाइड रेशो. इथे मी तुमच्या बाजूने तुमच्यापेक्षाही पुढे जातो. शांत हवेत हजार मीटरवरून ‘का ८’ २७ किलोमीटर जाईल आणि फायबरग्लासचं ‘स्टँडर्ड सिरस’ ३८, एवढाच फरक तुम्ही धरलात. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा धरून बघा. ‘का ८’चा सर्वोत्तम ग्लाइड ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास मिळतो, म्हणजे जमिनीवरून तो ३३च्या वेगाने सरकतो आणि २७ चे १२ होतात. सिरस नव्वदच्या आसपास उडतो, त्याचे ३८ चे २१ होतात. वेग थोडा वाढवून दोघांचंही थोडं सुधारतं, पण दरी मिटत नाही. वाऱ्याविरुद्ध घरी परतायचं असेल तर हलकं, संथ ग्लायडर फार केविलवाणं होतं. हे मी अनुभवलंय, धावपट्टी समोर दिसत असताना शेतात उतरलोय.

पण ते शेतही हिशेबात धरायला हवं. एकट्याने उडायला लागून तीसेक तास झालेला माणूस क्लबच्या परिघाबाहेर पडतो, तेव्हा पहिल्या वर्षी त्याच्यासमोर खरा प्रश्न असतो तो अनोळखी जागी सुखरूप उतरण्याचा. उतरताना ७५चा वेग आणि ९५चा वेग यांत आकड्याने वीसचाच फरक दिसतो, पण जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती दीडपटीहून जास्त होते. ‘का ८’ छोट्याशा शेतात बसतं, थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) अरुंद वर्तुळात वळतं आणि चुका पोटात घालतं. १९६९ साली पहिल्यांदा उडालेला सिरस हे सुंदर ग्लायडर आहे, पण त्याची आडवी शेपटी अख्खीच्या अख्खी हलते. स्टिकला ती फार हळवी असते, एअरोटोच्या (दुसऱ्या विमानाने दोराने ओढून नेण्याच्या) पहिल्या काही सेकंदांत तर जास्तच. तयार हाताला त्याचं काही वाटत नाही. ‘लिबेले’ या फायबरग्लासच्याच दुसऱ्या ग्लायडरचे पंख उचलायला इतके हलके की जोडताना जीव सुखावतो, पण तिचे एअरब्रेक (पंखातून बाहेर येऊन ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्या) सौम्य आहेत, त्यामुळे अप्रोच, म्हणजे उतरण्याचा शेवटचा टप्पा, नीट आखता यायला हवा. म्हणून मी नवख्यांना ‘का ८’ सुचवलं. ज्याचे शंभर-दीडशे तास झालेत आणि दोन-चार वेळा बाहेर उतरून झालंय, त्याने खुशाल ३८ च्या मागे जावं. हा भेद मूळ लेखात पुरेसा स्पष्ट झाला नव्हता.

तरीही २७ की ३८ हा माझ्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. जाहिरातीत ‘स्टँडर्ड सिरस’ असं लिहिलेलं असतं, पण आपण विकत घेतो ते एक विशिष्ट नग. पन्नास वर्षांत त्याला कुणी कसं वागवलं, कुठे ठेवलं, कितीदा आपटलं, हे सगळं आपण त्याच्याबरोबर विकत घेतो. त्यामुळे तुमचा तिसरा आक्षेप मला मान्य नाही. त्यामागे एक अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून फायबरग्लासचं एक जुनं सिंगल-सीटर घेतलं. रंग आरशासारखा होता. कॉकपिटमधल्या पाटीवर किमान पायलट वजन ६२ किलो लिहिलेलं, आमचा सर्वांत हलका भागीदार पॅराशूट धरून ७० भरायचा. आम्ही निश्चिंत होतो. मोसमभर तो एकच तक्रार करत राहिला: थर्मलमध्ये नाक एका जागी राहत नाही, सारखं वरखाली होतं. आम्ही दोघं जाड होतो, आम्हाला तसं काही जाणवत नव्हतं. आम्ही त्याला म्हणालो, तुझा हात अजून बसला नाही, सवय होईल. वार्षिक तपासणीच्या वेळी निरीक्षकाने शेपटीकडच्या नळीवर नाण्याने टकटक केलं आणि एका ठिकाणी आवाज बद्द आला. रंग घासल्यावर खाली जुनी, भरपूर थर चढवलेली दुरुस्ती निघाली. लॉगबुकात तिची नोंद नव्हती. ग्लायडर काट्यावर घातलं तेव्हा किमान पायलट वजन ७५ किलो निघालं.

याचा अर्थ ज्यांनी कधी ही आकडेमोड केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेपूट गुरुत्वमध्यापासून कित्येक मीटर लांब असते आणि पायलट त्या मानाने अगदी जवळ बसतो. म्हणून शेपटीकडे वाढलेल्या एका किलोचा तोल सांभाळायला पुढे सीटवर कित्येक किलो लागतात. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला की ग्लायडर चंचल होतं आणि एकदा स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली पडण्यात) गेलं तर बाहेर काढणं कठीण, कधी अशक्य होतं. आमचा मित्र मोसमभर त्या मर्यादेपलीकडे उडत होता, आणि त्याच्या हाताने जे बरोबर ओळखलं होतं ते आम्ही त्याचं नवखेपण म्हणून उडवून लावलं. त्याला काही झालं नाही. पण ते मला आजही बोचतं. वजनाचा कागद आम्ही खरेदीच्या वेळी हातात घेतला होता. त्यावर तारीखही होती. ती किती जुनी आहे, एवढं विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

लॉगबुकाबद्दल आणखी एक. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ या धातूच्या दोन-सीटर ग्लायडरचा पंख हवेत तुटला. मुख्य स्पारमध्ये धातूचा थकवा साचला होता. त्यानंतर जगभरातली एल-१३ जमिनीवर बसवली गेली. असा थकवा डोळ्यांना दिसेलच असं नाही. किती तास, किती लॉंच (ओढून हवेत चढवणं), किती एरोबॅटिक्स (हवाई कसरती), याची विश्वासाने नोंद असेल तरच त्याचा काही अंदाज बांधता येतो. फायबरग्लासच्या अनेक जर्मन ग्लायडरांना ३,००० तासांना मोठी विशेष तपासणी लागते. टोस्ट कंपनीच्या, ओढायचा दोर अडकवायच्या हुकची २,००० लॉंचनंतर ओव्हरहॉल करावी लागते. ‘तास फक्त २,९००’ असं कुणी अभिमानाने सांगत असेल तर पुढच्या मोसमात ती ३,००० तासांची तपासणी तुमच्या खिशातून होणार आहे.

आणि जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा कडक, गुळगुळीत बाहेरचा थर. तुम्ही म्हणता, तडे काय, पॉलिश केलं की झालं. बारीक केसासारखे तडे लवकर पकडले आणि मेणाचा थर राखला तर काही वर्षं निघतात, हे खरं. पण तडे खोल गेले की त्यांतून ओल आणि ऊन आतल्या थरांपर्यंत पोचतं. मग सगळा जेलकोट घासून काढून नव्याने चढवायचा, पंखाचा आकार न बिघडवता. हे शेकडो तासांचं हातकाम आहे आणि मजुरी देऊन करून घेतलं तर ते अनेकदा ग्लायडरच्या किमतीवर जातं. ३८ चं ग्लायडर ‘थोड्याशा जास्त पैशांत’ मिळतं तेव्हा बहुधा हाच खर्च किमतीतून वजा केलेला असतो.

ट्रेलरबद्दल थोडंच. ग्लायडरचं बहुतेक आयुष्य त्यातच जातं. गळका ट्रेलर लाकूड कुजवतो, जेलकोट खराब करतो, आणि आतले आधार नीट बसत नसतील तर प्रत्येक प्रवासात पंखाच्या मुळाशी घासत राहतात. शिवाय आपण शेतात उतरलेलो असतो, अंधार पडत असतो आणि मदतीला एकच मित्र असतो, तेव्हा जोडणी-सोडणी पंधरा मिनिटांत होते की तासभर लागतो यावर ती मैत्री टिकते. पाहायला जाल तेव्हा ग्लायडर जोडलेलं तयार ठेवू नका असं विकणाऱ्याला आधीच सांगा. स्वतःच्या हातांनी जोडा. कंट्रोलचे सांधे आपोआप जुळणारे आहेत की प्रत्येक चेंडू-वाटीचा सांधा हाताने बसवून पिन घालायची आहे, हे तेव्हाच कळतं. न जोडलेल्या एलिव्हेटरने (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या भागाने) उड्डाण केल्यामुळे माणसं गेली आहेत.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की या महिन्यात तुम्ही एक स्टँडर्ड सिरस बघायला जाणार आहात आणि माझं ऐकून बेत रद्द करणार नाही. करू नकाच. तुम्ही तुमचे दोनशे तास सांगितलेत, त्या हाताला ते ग्लायडर शोभेल. पॅराशूट घालून कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद करून निदान अर्धा तास आत बसा, गुडघे आणि डोकं काय म्हणतंय ते ऐका. पंख उन्हात तिरपे धरून तडे बघा. सोबत अशा निरीक्षकाला न्या, ज्याची विकणाऱ्याशी ओळख नाही. आणि लॉगबुकातल्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि वजनाच्या कागदावरची तारीख शेजारी ठेवून वाचा. वजन दुरुस्तीच्या आधीचं असेल, तर पैसे देण्यापूर्वी ग्लायडर तुमच्यासमोर काट्यावर घालायला सांगा.