गायरानातला कर्ब आणि मोबाईलवरचा हिशेब

हा मेसेज आठवडाभरात मला चौघांनी पाठवला. ‘गायरानात गुरं फिरवून-फिरवून चारा. तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब 0.3 वरून 3 टक्के. जेवढी गुरं जास्त, तेवढा कर्ब जास्त. कार्बन क्रेडिटचे पैसे थेट खात्यात.’

आधी ते 3 टक्के. सेंद्रिय कर्ब म्हणजे मुळं, पालापाचोळा कुजून मातीत राहिलेला कार्बन. एका एकरातली फूटभर खोल माती साधारण 1,600 टन भरते. तिच्यात एक टक्का वाढवायचा तर 16 टन कर्ब लागतो. 0.3 चे 3 करायचे म्हणजे 43 टन, वर्षाला 14. आता गवताकडे या. बालाघाटच्या माळावर बऱ्या पावसात एकरी टनभर वाळलं गवत निघालं तरी आपण खूश. त्यात कर्ब निम्म्याहून थोडा कमी. गुरांना काडीही न घालता सगळं गाडलं तरी अर्धा टन होत नाही. मुळांचा त्याच्या दुप्पट धरा, हवं तर तिप्पट. त्यातलाही बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात, आणि आपल्या उष्ण हवेत ओल असेपर्यंत हे काम झपाट्यानं चालतं. मग 14 टन येणार कुठून? बरं, मुरमाड गायरानात फूटभर माती तरी किती ठिकाणी लागते?

कुणी 3 टक्क्यांचा रिपोर्ट दाखवलाच, तर चुनखडीतला कर्ब वेगळा काढला का, एवढं विचारा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत एकूण कर्ब मोजला की चुन्यातलाही त्यात येतो. तो काही गुरांनी आणलेला नसतो.

गुरं वाढवली की कर्ब वाढतो, हे तर उलटंच. शेण म्हणजे त्याच गवताचा उरलेला भाग; बाकीचा बहुतेक श्वासातून आणि ढेकरांतून गेला, त्यातला काही मिथेन होऊन. जमिनीला कर्ब मिळतो तो मुख्यतः मुळांकडून. मृगाचा पाऊस पडून गवत बोटभर वर आलं की आपण गुरं सोडतो, तिथंच मूळ खुंटतं. म्हणून मेसेजातलं ‘फिरवून-फिरवून’, म्हणजे गवताला विश्रांती देणं, तेवढं खरं आहे. गायरानाचे तुकडे पाडून पावसाळ्यात एकेक बंद ठेवला, मारवेल गवत लावलं, स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी फेकलं, तर चारा वाढेल, पाणी मुरेल, कर्बही हळूहळू चढेल. पण त्याला तीन वर्षं पुरत नाहीत. आंतरराष्ट्रीय हिशेबात नव्या पातळीसाठी 20 वर्षं धरतात.

पैशाचं थोडक्यात. कार्बन क्रेडिट म्हणजे साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात विकता येणारं प्रमाणपत्र. पण गायरान सरकारचं, देखरेख ग्रामपंचायतीची. ‘थेट खात्यात’ म्हणजे नेमक्या कुणाच्या?

आणि तुकडा बंद असताना त्या दिवसांचा चारा कुणी द्यायचा, हे मेसेजात कुठंच नाही. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि गुंठाभरही जमीन नाही, त्याला गायरान सोडून दुसरीकडे जागा नाही. तुकडे पाडायला बसाल तेव्हा आधी त्याला बोलवा.