शंभर अंडी घालणारं कासव संपणार कसं?

कोकणात कासवांचा हंगाम सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. कासव एका वेळी शंभरावर अंडी घालतं, ते संपेल कसं? आपले वाडवडील अंडी खात होते, तरी कासवं येतच होती. ओडिशात तर लाखोंनी आहेत. कासवं मासळी फस्त करतात. आणि अंडी उकरून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, पुन्हा पुरणं ही निसर्गात ढवळाढवळ आहे. यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे आधीच कबूल करून ठेवलेलं बरं.

‘शंभर अंडी’ इथून सुरुवात करू. आपल्या पुळणीवर येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले: पाठ ६०-७० सेंटिमीटर, वजन ३५ ते ४५ किलो, एका घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी. आंब्याला मोहोर किती येतो आणि त्यातली फळं किती धरतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मोहोर पाहून कुणी पेट्यांचा हिशेब करत नाही. कासवांची संख्या आहे तेवढीच राहायची, तर एका मादीच्या जन्मभराच्या अंड्यांतून सरासरी दोनच पिल्लं वयात येतात, बाकीची मरतात. हजारात एक जगतं असं ढोबळपणे म्हणतात ते यावरूनच. म्हणजे शंभर हा आकडा किती मरणार आहेत ते सांगतो. त्या हिशेबात खेकडे, कावळे, कोल्हे, मोठे मासे धरलेले आहेत. मासळीच्या टाकाऊ मालावर पोसलेली भटकी कुत्री आणि ट्रॉलर (मोठं जाळं, म्हणजे ट्रॉल, ओढत नेणाऱ्या बोटी) धरलेले नाहीत. शिवाय कासव वयात यायला १०-१५ वर्षं लागतात. अशी एक मादी जाळ्यात मेली, तर हजारात एक या दराने तिच्या जागी एक कासव उभं राहायला नऊ-दहा घरटी खर्ची पडतात, आणि ते नर निघालं तर पुढच्या अंड्यांच्या दृष्टीने जमा शून्यच.

वाडवडिलांचा मुद्दा फसवा आहे तो याच १०-१५ वर्षांमुळे. समजा एखाद्या किनाऱ्यावरची सगळी अंडी दरवर्षी उचलली. तरी पुढची दहाबारा वर्षं माद्या येतच राहतील, कारण त्या आधीच जन्मलेल्या आहेत. ‘बघा, काही फरक पडला नाही’ म्हणायला तेवढा काळ पुरतो. मग म्हाताऱ्या माद्या संपतात आणि मागे कुणीच नसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, तेव्हा खटाटोप होता तो अंडी माणसांच्या आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या हाती लागण्याआधी वाचवण्याचा. आणि वाडवडिलांच्या काळी या पट्ट्यात आजच्यासारखे यांत्रिक ट्रॉलर नव्हते, हेही त्या मजकुरात कधी नसतं. बाकी कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कासव आहे. अंडी खाणं हा गुन्हाच.

ओडिशाबद्दल थोडक्यात. गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे माद्या एकाच वेळी लाखोंनी वर येतात, खरं आहे. काही वर्षी मात्र हा सामूहिक विणीचा सोहळा होतच नाही. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. ते पाहून ‘तिकडची इकडे येतात, मग काळजी कशाला’ असं म्हणणारेही भेटले. पण मादी सहसा आपण जन्मलो त्याच भागात परतते. पाहुणी आली म्हणून घर भरलं असं होत नाही.

मासळी फस्त करण्याचं म्हणाल, तर ऑलिव्ह रिडलेचा जबडा फोडायला बनलेला आहे: खेकडे, शिंपले, गोगलगाई, जेलीफिश, कोळंबीही. पोहणारा बांगडा किंवा सुरमई पाठलाग करून धरणं त्याच्याच्याने होत नाही. मच्छीमाराचं खरं दुखणं जाळं फाटण्याचं आहे, आणि ते रास्त आहे. त्यासाठी जाळं कापून कासव सोडल्यास राज्य सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची सोय आहे. जाळं कापतानाचे आणि कासव सोडतानाचे फोटो मात्र काढावे लागतात.

जाळ्यात आलेलं ‘मेलेलं’ कासव पुष्कळदा मेलेलं नसतं. ते फुप्फुसांनी श्वास घेतं, ट्रॉल तासभर ओढला की गुदमरून निपचित पडतं. अशा कासवाला तसंच पाण्यात टाकलं तर ते बुडतं. त्याला पोटावरच ठेवायचं, उलटं करायचं नाही. मागची बाजू फळी किंवा दोरखंडाच्या वेटोळ्यावर निदान १५ सेंटिमीटर उचलायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे उतरतं. वर ओलं गोणपाट, पण नाकपुड्या मोकळ्या. सावली. अधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकं बोट लावून बघायचं. शुद्धीवर यायला काही तास लागतात, कधी २४ तासही. नंतर इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून, जाळं वर असताना, हळूच सोडायचं. ट्रॉलच्या खोळीआधी बसवायची टेड नावाची दांड्यांची जाळी असली तर हे करायची वेळच येत नाही. दांड्यांमधली फट सुमारे १० सेंटिमीटर, कोळंबी आरपार जाते, कासव झडपेतून बाहेर. अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी बंद केली ती आपल्या ट्रॉलरना ही जाळी नसते यावरूनच.

आता ढवळाढवळ. घरटं भरतीरेषेच्या वर आणि राखण करण्याजोगं असेल, तर ते जागीच राहू द्यावं, हॅचरी हा दुसरा पर्याय. उधाणात बुडणारं किंवा कुत्र्यांच्या वाटेवरचं घरटं हलवावंच लागतं, पण तिथेच चुका होतात. काठी खुपसून वाळूची मऊ जागा शोधली की पहिलीच दोन-चार अंडी फुटतात आणि बाकीच्यांना बुरशी धरते. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मेला. म्हणून शक्यतो त्याच रात्री, हाताने, न फिरवता, मूळ घरट्याएवढ्या खोल (साधारण दीड फूट) सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात हलवायची. दोन घरट्यांत मीटरभर अंतर, आणि दरवर्षी ताजी वाळू. वाळू २९-३० अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी दोन्ही निघतात, त्याहून तापली तर माद्याच, आणि ३४-३५च्या वर सलग राहिली तर अंडी उबण्याऐवजी शिजतात. मार्चच्या उन्हात सावलीचं कापड नसलेली हॅचरी म्हणजे माद्यांचा कारखाना.

पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात, बहुतेक रात्री, वाळू निवल्यावर. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर त्यांना पहिलं दिवसभराचं पोहणं उरकायचं असतं. पाण्याच्या बादलीत ठेवलेलं पिल्लू तेच बळ बादलीच्या कडेशी धडका देण्यात घालवतं. रात्री दोनला वर आलेलं पिल्लू पाहुण्यांसाठी सकाळी सातपर्यंत टोपलीत ठेवणं, मग मोबाइलच्या उजेडात सोडणं, ही त्या मजकुरातली ढवळाढवळ खरी. फक्त तिच्यावर कुणी मजकूर फिरवत नाही.