सीबीटी म्हणजे ‘चांगला विचार कर’ नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘सीबीटी म्हणजे पैसे मोजून शिकलेलं पॉझिटिव्ह थिंकिंग. खऱ्या डिप्रेशनला गोळीच लागते. थेरपी हे शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं खूळ.’ हे वाचून कुणी गरज असताना मदत घ्यायचं टाळलं तर? म्हणून उत्तर देणं भाग आहे. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी: थेरपिस्टशी बोलून आपले विचार आणि वागणं तपासायची, बदलायची उपचारपद्धती.

आधी पॉझिटिव्ह थिंकिंगचं. एमपीएससीची पूर्व परीक्षा पुन्हा हुकलेल्या मुलाच्या मनात येतं, ‘माझ्याच्यानं काहीच होणार नाही.’ नातेवाईक म्हणतात, असं बोलू नये, चांगला विचार कर. थेरपिस्ट तसं म्हणत नाही. तो हे वाक्य कागदावर उतरवायला लावतो. हे खरं मानायला पुरावा काय? याच्या विरुद्ध काय आहे? मित्र नापास झाला असता तर त्याला हेच सांगितलं असतंस का? शेवटी हाती येणारं वाक्य गोड असेलच असं नाही: ‘अभ्यास कमी पडला, वयही वाढतंय, दुसरी वाट बघायला हवी, पण एका परीक्षेवरून माझी लायकी ठरत नाही.’ यात खोटा दिलासा कुठे आहे?

आणि काम कागदावर संपत नाही. ‘सगळे मला हसतील’ म्हणून घरात कोंडून घेतलेल्या मुलाने एकदा मित्रांत जाऊन बसायचं आणि खरंच काय होतं ते बघायचं. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली, ती रुग्णांच्या मनात आपोआप येणारे आणि न तपासताच खरे मानले जाणारे विचार पाहून.

गोळीबद्दल. २००५ साली अमेरिकेत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांत आणि बेक यांची थेरपी घेणाऱ्यांत, दोन्हीकडे सुमारे ५८ टक्के लोकांना चांगला फरक पडला. बरं वाटलेल्यांपैकी औषध थांबवलेल्या ७६ टक्के लोकांचं नैराश्य पुढच्या वर्षभरात परत आलं; थेरपी संपवलेल्यांत ३१ टक्के. मात्र एका केंद्रावर थेरपी औषधापेक्षा कमी पडली, आणि तिथले थेरपिस्ट कमी अनुभवी होते. कोण करतो याला महत्त्व आहेच. शिवाय हे वाचून चालू गोळ्या कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. बायपोलरसारख्या, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणाऱ्या आजारात औषध लागतंच, आणि अनेकांना दोन्ही मिळून जास्त गुण येतो.

राहिला ‘शहरी खुळा’चा मुद्दा. तो खोडायला गोवा पुरेसा आहे. ‘संगथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सीबीटीचाच एक भाग, म्हणजे सुटलेली कामं आणि माणसं पुन्हा दिवसात आणणं, सहा ते आठ भेटींत करून पाहिला. समुपदेशक डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, हे समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्के.

चांगले थेरपिस्ट कमी आहेत आणि फी अनेकांना परवडत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका, आत्ताच फोन करा.