बारोलोच्या डोंगरातली कोरडी ड्रायव्हर

वाईनच्या गावाला सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात एक माणूस न पिणारा लागतो. बाकीच्यांकडे हा माणूस कसा ठरतो माहीत नाही, चिठ्ठ्या टाकतात की काय, आमच्याकडे तो जर्मन सरकारने ठरवला. भारतातलं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यावर फक्त ६ महिने चालतं, मग थिअरीची परीक्षा, मग प्रॅक्टिकल, आणि आमच्या नवऱ्याची थिअरी लग्न झाल्यापासून "पुढच्या महिन्यात" आहे. त्यामुळे श्टुटगार्टहून स्वित्झर्लंड ओलांडून उत्तर इटलीतल्या पिएमोंतेपर्यंत गाडी मी चालवली, आणि तिथं पोचल्यावर घाट, धुकं, समोरून येणारे द्राक्षांचे ट्रॅक्टर हेही माझ्याच वाट्याला. इटलीत रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल चालतं म्हणे, पण त्या वळणांवर मला अर्धा ग्रॅमही नको होता, मागच्या सीटवर सासूबाई होत्या.

घर घेतलं होतं लांगेच्या टेकड्यांमध्ये, आल्बा गावाच्या जवळ. जुनं दगडी शेतघर, चारी बाजूंनी द्राक्षमळे, ऑक्टोबरचा शेवट, पानं पिवळी-तांबडी, सगळं फोटोत दाखवलं होतं तसंच. ही सगळी द्राक्षांची पट्टी २०१४ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली. घरापर्यंतचा शेवटचा कच्चा रस्ता मात्र युनेस्कोच्या माणसांनी बघितलेला नसावा, कारण गाडीचा खालचा पत्रा रोज दोनदा घासायचा आणि मागून सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, आवाज यायचा, "दुसऱ्यावर घे, दुसऱ्यावर."

स्वयंपाकघरात तीन साइजचे कॉफीचे मोका पॉट, पाहुण्यांची पलटण बसेल एवढे वाईनचे ग्लास आणि एक चीज किसायची किसणी. कुकर नाही, चहाला पातेलं नाही, चिमटा तर विचारूच नका. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक नजर टाकली आणि बॅगेतून पोहे, रवा, हिंग, मेतकूट काढून ओट्यावर ओळीनं मांडलं, म्हणजे ताबा घेतला. नवऱ्याचं म्हणणं, इटलीत येऊन घरी जेवायचं असेल तर तासगाव काय वाईट होतं. शेवटी तह झाला, दुपारचं जेवण बाहेर, रात्रीचं घरी. ऐकायला सोपं वाटतं, पण या एका तहामुळे आमची प्रत्येक सहल म्हणजे दुपारी दोनची शर्यत झाली.

त्याचं असं आहे की त्या डोंगरातल्या खानावळींचं स्वयंपाकघर साडेबाराला उघडतं, दोनच्या आसपास शेवटची ऑर्डर घेतात, अडीचला आवरायला लागतात आणि मग साडेसातपर्यंत तुम्ही उपाशी मेलात तरी आत कुणी कढई चढवत नाही. त्यात कुणाचा मंगळवार बंद, कुणाचा बुधवार, कुणाचा दोन्ही. आणि आमचं बिऱ्हाड सकाळी निघणार कधी, तर बाबांचा दुसरा चहा, आईंची पूजा (सोबत गणपती आणि बाळकृष्ण आलेले, त्यांचा शेंगेन व्हिसा कुणी विचारला नाही), मग नवऱ्याचा "फक्त पाच मिनिटं एक कॉल". अकरा वाजता गाडी हलायची. पहिल्या वळणावर बाबा म्हणायचे, थांब गं.

बाबा तासगावचे द्राक्षबागायतदार. तिकडे तेव्हा ऑक्टोबर छाटणीचा सीझन, बाग पुतण्याच्या भरवशावर सोडून आलेले, त्यामुळे फोनवर रोज डोळे (म्हणजे काडीवरचे कोंब), डोस आणि मजूर चालू होतंच. वर इथे खिडकीबाहेर मैलोन् मैल द्राक्षं. माणूस कसा गप्प बसेल? उतरायचे, वेलीचं खोड हातानं दाबून बघायचे, पान उलटं करून भुरी आहे का तपासायचे. मंडप नाही, नुसत्या तारेवर ताणलेल्या ओळी, हे एकवेळ त्यांनी मान्य केलं, पण ठिबकची नळीच कुठे दिसेना तेव्हा अस्वस्थ झाले. "पाणी कुठनं देत्यात?" मी म्हटलं बाबा, देत नाहीत, पावसावरच. मग पुढचा प्रश्न ठरलेला, एकरी किती?

हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. बाटलीवर बारोलो हे इथल्या वाईनचं नाव लावायचं तर हेक्टरी ८ टनांच्या वर माल घेताच येत नाही, कायदाच तसा आहे. बाबांनी मनातल्या मनात भागाकार केला, एकरी सव्वातीन टन. त्यांच्याकडे खायच्या द्राक्षाला दहा-बारा टन निघाला नाही तर बँकेचा माणूस घरी येतो. मग मी पुढचं सांगितलं, की काढणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने ही वाईन विकता येत नाही, त्यातले निदान १८ महिने लाकडी पिंपात. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते राहिलेच. "तीन वर्षं पैसा आडकून? आपला बेदाणा पंधरा-वीस दिवसात रॅकवरनं खाली." मग त्या जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोच्या पुढे आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांनी ते पान हळूच सोडलं आणि हात पुसले. पावणेएक.

ला मोर्राला पोचेस्तोवर दीड झालेला. गावाच्या टोकाला एक मोठा सज्जा आहे, तिथनं सगळा बारोलोचा मुलूख दिसतो, आम्हाला दिसलं ते पांढरं धुकं. नवरा म्हणाला हे धुकं म्हणजेच नेब्बिया आणि त्यावरनंच या द्राक्षाला नेब्बिओलो म्हणतात असं बरेच लोक मानतात. मी म्हटलं फार छान, पार्किंग शोध. तिथं पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाहीत. त्या दिवशी गावातल्या सगळ्या रेघा पिवळ्या होत्या असं माझं मत आहे.

आता जेवण. पिएमोंते हा प्रांत शाकाहारी माणसाला छळण्यासाठी निर्माण झाला असावा. सुरुवातीलाच वासराचं कच्चं मांस सुरीनं बारीक करून, वर लिंबू-तेल. नको असेल तर वितेल्लो तोन्नातो, म्हणजे शिजवलेलं वासरू आणि वर ट्यूना माशाचा सॉस, एकावर समाधान नाही म्हणून दोन्ही. बरं भाजलेली ढोबळी मिरची आहे म्हणून आपण खूश व्हावं तर तिच्यावर बान्या काउदा, त्यात लसूण आणि अँचोव्ही मासे. छोट्या चिमटी काढलेल्या आन्योलोत्ती, म्हणजे सारण भरलेला पास्ता, आत मांस. आणि आई शुद्ध शाकाहारी, वर चातुर्मास चालू, म्हणजे कांदा-लसूणही बंद. मेनू वाचायचं काम माझ्याकडे, कारण गाडी चालवणाऱ्या माणसाची शुद्ध शाबूत असते असा घरात समज.

राहता राहिलं तायारीन. म्हणजे बारीक कापलेल्या पिवळ्याधमक शेवया, लोणी आणि सेज नावाच्या पानांसोबत. दिसायला अगदी लग्नातल्या शेवयांसारख्या. पण त्या पिवळ्या असतात कारण एक किलो पिठात तीस-तीस, कधी चाळीस अंड्यांचे बलक घालतात. ताट आलं, आईंनी काट्यानं एक शेवई उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हळद घातलीय का गं?"

मी तोंड उघडलं. आईंनी हात वर केला. "राहू दे. मी केकमधलं खाते ना, तसंच समज. दिसलं नाही म्हणजे नाही."

हा सिद्धांत पुढे फारच उपयोगी पडला. चीज किसून घालायला वेटर आला (त्या चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात), आईंनी माझ्याकडे बघितलं, मी बोलायला लागले, आईंचा हात वर. शेवटी बुनेत नावाचा कोको आणि बदामी बिस्किटांचा थरथरता गोड पदार्थ आला, त्यात अंडी आणि वर रमचा घोट, आईंचा हात वर, आणि दुसरा हात वाटीकडे. देवाच्या दरबारात हे सगळं कुणाच्या खात्यावर पडणार हे मला नीट कळत होतं. माहीत मला होतं ना.

बिल आलं तेव्हा मात्र त्यांनी बारकाईनं वाचलं. माणशी काही युरो "कोपेर्तो" लावलेला. "हे कशाचे?" म्हटलं टेबलाचे, ब्रेडचे, बसायचे. "बसायचे?" आणि त्यानंतर त्या दुपारी साडेतीनपर्यंत उठल्या नाहीत. वेटरनं खुर्च्या उलट्या टाकायला सुरुवात केली तरी नाहीत.

तळघरांच्या भेटी हा आणखी एक प्रकार. त्या आधी ठरवाव्या लागतात, ११ ची वेळ असेल तर ११ म्हणजे ११. समोर ग्लासांची रांग, नवरा प्रत्येक ग्लासात नाक घालून "डांबर आणि गुलाब" म्हणणार, बारोलोचं पुस्तकी वर्णन तेच आहे. मीही नाक घालायचे, तोंडात फिरवायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचे. आईंना ती पिकदाणी बघून फार बरं वाटलं, इतकी जुनी चांगली पद्धत या लोकांनी टिकवलीय म्हणून. मला आपलं वाटायचं की डांबराचा वास घ्यायला आल्प्स ओलांडायची काय गरज, पावसाळ्यानंतर सांगली-तासगाव रोडला कधी ना कधी काम निघतंच. (खरं सांगायचं तर वाईन अप्रतिम होती. थुंकताना जीवावर आलं.)

आल्बाला गेलो ती पांढऱ्या ट्रफलची जत्रा बघायला. मंडपाच्या दारातच बाबा थबकले, "गॅस लीक झालाय काय बघा." तोच तो वास, जमिनीखाली झाडांच्या मुळांशी उगवणारी ही बुरशी, हिची लागवड सहसा जमत नाही, कुत्र्याला वास घ्यायला शिकवून रात्रीबेरात्री रानात हुडकायची. हॉटेलात तर ती टेबलावर आणून आधी काट्यावर तोलतात, तुमच्या ताटावर किसतात, परत तोलतात आणि फरकाचे पैसे लावतात. सोनारानं सुद्धा असं तोंडावर केलं नसतं. लागवड होत नाही म्हटल्यावर बाबांचा इंटरेस्ट गेला. आईंनी काचेतल्या बटाट्याएवढ्या तुकड्याचा भाव विचारला आणि मग दिवसभर आमच्याशी कुजबुजत बोलत होत्या, मोठ्यानं बोललं तर त्याचेही पैसे पडतील म्हणून.

त्याच गावात फेरेरोचा कारखाना, न्यूटेला १९६४ साली इथनंच बाहेर पडलं. युद्धानंतर कोको मिळेना आणि डोंगरात हेझलनट भरपूर, म्हणून तो घालून कोको पुरवला, अशी त्याची सुरुवात. आईंना ही कथा मनापासून आवडली. महाग जिन्नस कमी आणि शेंगदाण्याचा कूट जास्त, यात नवीन ते काय, म्हणाल्या.

मग नवऱ्याच्या डोक्यात आलं की ब्रा या गावी जाऊ, फास्ट फूडच्या विरोधातली स्लो फूडची चळवळ तिथली. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सपाशी मॅकडोनाल्ड उघडलं, त्याला विरोध करणाऱ्यांत ब्राचे कार्लो पेत्रिनी आणि मंडळी होती, गोगलगाय त्यांची खूण. विचार मला शंभर टक्के पटतो. पण सव्वाला टेबलावर बसलो, दोनपर्यंत फक्त ग्रिसिनी, त्या लांब कुरकुरीत काड्या. बाबांनी तीन पाकिटं संपवली. त्यांची मधुमेहाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, ती सव्वालाच घेतलेली. मी वेटरला इटालियन, जर्मन आणि शेवटी खुणांनी समजावलं. तो इतक्या प्रेमानं हसला की काय बोलणार, आणि आणखी ग्रिसिनी आणल्या.

एकच दिवस असा आला की आमचं आणि इटलीचं घड्याळ जुळलं, तो म्हणजे संकष्टी. चंद्रोदय साडेसातनंतर आणि हॉटेलंही साडेसातलाच उघडतात. नवरा म्हणाला, आज रात्री बाहेर! पण आई म्हणाल्या, उपास सोडायचा तो वरणभातावर. सुपरमार्केटात गेले. तिथं भाजी हाताळायला प्लास्टिकचे हातमोजे घालायचे, स्वतः तोलायचं, स्टिकर लावायचा. आईंनी उघड्या हातानं टोमॅटो दाबला तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी जो सुस्कारा टाकला तो थेट कोल्हापुरी होता. तांदूळ मिळाला कार्नारोली, याच प्रांतात भाताची मोठमोठी खाचरं आहेत, रिसोत्तो नावाच्या इथल्या भाताला नंबर एक. आईंच्या हातात त्याचा गुरगुट्या भात झाला. चंद्र काही दिसला नाही, धुकं. फोनवर वेळ बघून नैवेद्य दाखवला.

आणि मग शेजारचे आजोबा. सत्तरीच्या पुढचे, खालच्या मळ्याचे मालक. बाबांनी त्यांना कुंपणापाशी गाठलं. एक तासगावी मराठी, दुसरी बहुतेक पिएमोंतेची बोली, मधे कुणी दुभाषी नाही आणि गरजही पडली नाही. बाबा काडीवर बोट ठेवून दाखवायचे, हितं दोन डोळं ठेव, आजोबा मान हलवून आठ-दहा दाखवायचे, मग दोघंही एकमेकांची कीव करून हसायचे. मोबाईलवर बाबांनी तासगावच्या मंडपाचे फोटो दाखवले, आजोबांनी घडांचा आकार बघून कपाळाला हात लावला. मग कपाट उघडून बिनलेबलाची बार्बेरा वाईनची बाटली घेऊन ते आमच्या घरी आले, नेमके दुपारी साडेतीनला.

त्या दिवशी आम्ही एका गावात दोन वाजून पाच मिनिटांनी पोचल्यामुळे उपाशी परतलो होतो आणि आई पोहे करत होत्या. आजोबांना बसवलं. माणूस आयुष्यात साडेतीनला काही खाल्लेला नसावा, घड्याळाकडे बघितलं, बशीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आई म्हणाल्या, "घ्या, लाजू नका." पहिली बशी त्यांनी संशयानं खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि ते पिवळं कशानं झालंय असं पोह्यांकडे बोट करून विचारलं. या वेळी खरंच हळद होती, मी इतक्या अभिमानानं सांगितलं की विचारू नका. नवऱ्यानं बार्बेरा उघडली, सगळ्यांना ओतली. मी त्या दिवशी परत कुठे जायचं नव्हतं म्हणून अखेर एक पूर्ण ग्लास भरून घेतला आणि खुर्चीत मागे टेकले.

तेवढ्यात आजोबांनी खुणेनं सांगितलं की बायकोलाही आणतो, आत्ताच. गेलेसुद्धा. आईंनी पोह्याचा डबा उपडा करून बघितला, माझ्या हातातला ग्लास काढून बाबांपुढे सरकवला आणि गाडीची किल्ली दिली. "अगं, आल्ब्यात जाड पोहे मिळतात का बघ. आणि चारच्या आत ये."