धाप लागते ती ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे

फोनवर एक संदेश वारंवार फिरतो. त्याचं म्हणणं असं: धावताना रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदूला ते कळतं, मग तो ठोके आणि श्वास वाढवतो, म्हणून व्यायामाआधी भराभर वीस-तीस खोल श्वास घ्या, ऑक्सिजन साठेल, धाप लागणार नाही. यात मेंदूचं नाव तेवढं बरोबर आहे.

‘रक्तातला ऑक्सिजन घटतो.’ कोणत्या रक्तातला? निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन (रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य) बसल्या जागी ऑक्सिजनने साधारण 95 ते 100 टक्के भरलेलं असतं आणि मध्यम व्यायामातही जवळजवळ तसंच राहतं. (जिवाच्या आकांताने पळणाऱ्या काही कसलेल्या खेळाडूंमध्ये ते उतरतं, पण ते थोडेच.) घट दिसते ती स्नायूंतून परतणाऱ्या शिरांच्या रक्तात. मानेतले ऑक्सिजन जोखणारे संवेदक मात्र धमन्यांतलं रक्त तपासतात.

‘मेंदूला ते कळतं, मग...’ हा ‘मग’च चुकीचा आहे. हालचाल सुरू होताच पुढच्या एक-दोन ठोक्यांत नाडी चढू लागते, श्वासही लगेच वाढतो. पायांतलं रक्त तोवर फुप्फुसांपर्यंतसुद्धा पोचलेलं नसतं. ऑगस्ट क्रोग आणि योहान्स लिंडहार्ड या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1913 साली हा वेग पाहूनच म्हटलं की स्नायूंना आज्ञा देतानाच मेंदू श्वासाच्या आणि हृदयाच्या केंद्रांनाही चेतवत असावा. पुढे 1972 साली गुडविन, मॅकक्लॉस्की आणि मिशेल यांनी ही कल्पना फार सुंदर रीतीने तपासली. दंडाचा स्नायू ताणून धरायला सांगायचं आणि त्याच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) कंप द्यायचा. कंपामुळे स्नायू प्रतिक्षिप्तपणे आपोआप आवळतो, म्हणजे तेवढाच ताण धरायला मेंदूला कमी जोर लावावा लागतो. ताण तोच, तरी नाडी, रक्तदाब आणि श्वास कमी वाढले. त्याच दंडातल्या, उलट दिशेने ओढणाऱ्या स्नायूला कंप दिल्यावर जोर जास्त लागला आणि तिन्ही जास्त वाढले. ऑक्सिजनच्या टंचाईने याचा उलगडा कसा करणार?

मेंदू एकतर्फी हुकूम सोडतो असंही नाही. राबणाऱ्या स्नायूंतल्या नसा त्याला सतत खबर देतात. अलम आणि स्मर्क यांनी 1937 साली व्यायाम करणाऱ्या अवयवाचा रक्तपुरवठा पट्टा आवळून रोखला. व्यायाम थांबला तरी, स्नायूत साचलेली द्रव्यं तिथेच अडकलेली असेपर्यंत रक्तदाब चढलेलाच राहिला.

‘ठोके वाढवतो.’ वाढवतो, पण सुरुवातीला ब्रेक सैल करून. हृदयातल्या गतिकेंद्राची स्वतःची गती मिनिटाला सुमारे 100 असते. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस ती दाबून 60-70 वर आणते. व्यायाम सुरू होताच हा दाब सुटतो, ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी नसांचा जोर नंतर वाढत जातो. प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून ते विश्रांतीतही जलद चालतं आणि व्यायामात उशिरा वेग घेतं. त्याला रक्तातल्या अॅड्रेनॅलिनची वाट पाहावी लागते.

राहिला साठ्याचा सल्ला. हिमोग्लोबिन आधीच भरलेलं, तर साठवणार कुठे? भराभर श्वासांनी प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि श्वासाची निकड मुख्यतः त्यावरच ठरते. बसल्या जागी याने फार तर चक्कर येते, हातपाय मुंग्यावतात. पोहण्यापूर्वी हेच करून पाण्याखाली श्वास रोखणाऱ्याला मात्र श्वास घ्यावासा वाटण्याआधीच मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडून शुद्ध हरपते, आणि असे कित्येक चांगले पोहणारे बुडाले आहेत.