पंख जाड झाला हे खरं, पण काका, शेपूट बघा

काका, नमस्कार.

मी केलेल्या बेल एक्स-1 या विमानाच्या कागदी मॉडेलवरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. "कागदाचं विमान शेवटी कागदाचंच. नाकावर कड्या दिसतात, पंख जाड आहे, दार भलत्या बाजूला. याला ऐतिहासिकदृष्ट्या अचूक म्हणू नये. आणि नाशिकमध्ये राहून, ओझरला मिग बनलेलं असताना, हे अमेरिकेचं विमान कशाला?" तुमची उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली असं तुम्ही लिहिलंय. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. दोन संध्याकाळी मॉडेल, फूटपट्टी आणि जुने फोटो घेऊन बसले.

पंखाबद्दल तुमचं बरोबर आहे, चूक माझी. बेल एक्स-1 ची पहिली दोन विमानं वरवर सारखी दिसतात, पण पहिल्याच्या (क्रमांक 46-062) पंखाची जाडी रुंदीच्या 8 टक्के आणि दुसऱ्याच्या (46-063) पंखाची 10 टक्के होती. पातळ आणि जाड पंख ध्वनीच्या वेगाजवळ कसे वागतात हे ताडून बघायचं होतं, म्हणून मुद्दाम तसं केलेलं. मी बनवलंय ते पहिलं, 14 ऑक्टोबर 1947 ला अमेरिकी वैमानिक चक येगरने ध्वनीच्या वेगापलीकडे नेलेलं. पंखाला आतून आकार देणाऱ्या फासळ्या मात्र दुसऱ्या विमानाच्या आराखड्यावरून कापल्या गेल्या. 1:33 च्या मापात हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण तुम्हाला तो फोटोतही दिसला. ज्या गोष्टीसाठी दोन विमानं वेगळी बांधली, नेमकी तीच मी चुकवली. दोन्ही पंख उतरवले आहेत, नवे कापतेय.

दार मात्र उजव्या बाजूलाच होतं. विमान बी-29 या मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली टांगून वर न्यायचे. वैमानिक हवेतच शिडीने खाली उतरून आत शिरायचा आणि मग दार लावून घ्यायचा. येगर दोन दिवस आधी घोड्यावरून पडला होता, उजवीकडच्या दोन बरगड्या मोडलेल्या. त्या हाताने दार ओढून लावणं शक्यच नव्हतं. त्याचा सहकारी इंजिनिअर जॅक रिडली याने झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला, त्याचा जोर लावून येगरने दार बंद केलं. ही हकीकत मला इतकी आवडते की मी दार वेगळं कापून उघडं ठेवलंय आणि आत काडेपेटीतल्या काडीचा बारका तुकडा टेकवलाय. फोटोत तो दिसला नसेल.

आता नाकावरच्या कड्या. कागद एकाच दिशेने वळतो. त्याची भेळेची पुडी सुरेख होते, पण तोच कागद नारळावर गुंडाळा, सुरकुत्या पडतातच. आकाशकंदील करणाऱ्याला हे हातानेच कळलेलं असतं. एक्स-1 चं अंग .50 कॅलिबरच्या गोळीवरून घेतलेलं, कारण ती गोळी ध्वनीपेक्षा वेगात स्थिर जाते हे माहीत होतं. म्हणजे नाकाजवळ पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळलेला, वैमानिकाची काचसुद्धा त्याच गोलाईत बसवलेली. पत्रा ठोकून, ताणून असा बाक देता येतो, तुम्हाला ते मी काय सांगणार. कागदात तो बाक शंकूच्या अरुंद पट्ट्या एकापुढे एक जोडूनच आणावा लागतो. माझ्या नाकात नऊ पट्ट्या आहेत. आणखी अरुंद केल्या तर सांधे वाढतात आणि जुलैतल्या दमट हवेत कार्डशीट फुगलं की प्रत्येक सांधा उघडा पडतो. लांबी साडेअठ्ठावीस सेंटीमीटर भरते, मूळच्या सुमारे 9.4 मीटरांच्या हिशेबाने बरोबर. पुट्टी घासून कड्या बुजवता येतील, पण मग ते कागदाचं राहणार नाही. त्या कड्या मी ठेवणार आहे.

माझा सगळा जीव आहे तो शेपटात, आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत.

वेग 0.94 मॅकच्या (1 मॅक म्हणजे ध्वनीचा वेग) आसपास पोचला की येगर स्टिक ओढायचा आणि विमानाचं नाक हलायचंच नाही. शेपटावर तयार झालेली हवेच्या दाबाची धक्का-लहर नेमकी इलेव्हेटरच्या, म्हणजे आडव्या शेपटाच्या मागच्या हलत्या झडपेच्या, बिजागरीच्या रेषेवर येऊन बसायची, ती झडप हलवून काही उपयोग व्हायचा नाही. पण विमान बांधणाऱ्या बेल कंपनीच्या लोकांनी आडवं शेपूट अख्खंच्या अख्खं थोडं वरखाली करायची सोय ठेवली होती. रिडलीने हिशेब करून सांगितलं की इलेव्हेटर विसर, तेच वापर. त्या जोरावर सुमारे 43,000 फुटांवर 1.06 मॅक गाठला गेला. म्हणून माझ्या मॉडेलचं आडवं शेपूट चिकटवलेलं नाही. आरपार टाचणी घातलीय, बोटाने हलतं. ती टाचणी सरळ बसावी म्हणून शेपूट चार वेळा नव्याने केलं.

आणि अमेरिकेचं विमान कशाला, याचं उत्तरही इथेच आहे. काका, मिग-21 चं आडवं शेपूटसुद्धा अख्खं फिरतं. तुम्ही आयुष्यभर ज्या विमानांवर काम केलंत, त्यांच्या मागच्या त्या पात्याला इलेव्हेटरची वेगळी झडप नाही. ती का नाही, हे समजून घ्यायचं तर 1947 च्या त्या ऑक्टोबरपाशी जावं लागतं. मिग मी करणारच आहे. त्याआधी हे हाताला कळायला हवं होतं.

रंगाबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण नारिंगी छपाईत थोडा विटकरी आलाय, तोही बदलतेय.

नव्या फासळ्या रविवारपर्यंत कापून होतील. पट्टीवर मिलिमीटरच्या आतलं मोजताना माझी नजर चुकते. तुमच्याकडे व्हर्निअर असेलच. मेन रोडला येणं झालं तर तो घेऊन घरी या. पंख चिकटवण्याआधी जाडी तुम्हीच मोजा.